आधी काय, मग काय: चंद्राच्या एका तुकड्याच्या प्रकल्प नोंदी

६ सप्टेंबर

तुकडा ठरला. चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूवर, मारे इम्ब्रियमचा दक्षिण आणि पूर्व काठ. ‘मारे’ म्हणजे समुद्र, पण पाण्याचा नव्हे, थिजलेल्या काळ्या लाव्ह्याचं मैदान. खाली डावीकडे कोपर्निकस हे विवर, त्याच्या ईशान्येला एराटोस्थेनीस विवर, तिथून वर उजवीकडे धावणारी अपेनाइन पर्वतरांग आणि वरच्या बाजूला आर्किमिडीज, तेही विवरच.

हाच भाग का, तर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला यूजीन शूमेकर आणि रॉबर्ट हॅकमन या भूशास्त्रज्ञांनी चंद्राचा कालक्रम लावला तो याच परिसरावरून. तेव्हा चंद्रावरचा एकही दगड कुणाच्या हातात नव्हता. दुर्बिणीतून घेतलेले फोटो होते आणि निकोलस स्टेनोने १६६९ साली खडकांच्या थरांबद्दल मांडलेला साधा नियम होता: वरचा थर नंतरचा, खालचा आधीचा. त्यांनी लावलेला क्रम मला पाठ आहे. पण तो पाठ असणं वेगळं आणि फोटोत बोट ठेवून ‘हे बघा, इथे दिसतंय’ असं म्हणता येणं वेगळं. मला दुसरं जमायला हवंय.

साधनं भरपूर आहेत. एलआरओ हे नासाचं यान २००९पासून चंद्राभोवती फिरतंय. त्याच्या वाइड अँगल कॅमेऱ्याचा मोझेक, म्हणजे अनेक फोटो जोडून केलेलं चित्र, घेतला, त्यात एक पिक्सेल म्हणजे १०० मीटर. बारकाईने बघायचं असेल तिथे नॅरो अँगल कॅमेऱ्याचे फोटो, पिक्सेल साधारण अर्ध्या मीटरचा. शिवाय लेझरने मोजलेल्या उंचीचा नकाशा. सगळं कुणालाही मोफत उघडता येतं.

संध्याकाळी ताईंशी बोलले. त्यांनी आयुष्यभर भूशास्त्र शिकवलंय. माझा बेत ऐकून म्हणाल्या, “वयाचा आकडा डोक्यातून काढून टाक. कोण कोणावर बसलंय, कोण कोणाला कापतंय, कोण कोणाखाली गाडलं गेलंय, एवढंच बघ. आकड्याची घाई केलीस की डोळे बंद होतात.”

९ सप्टेंबर

आजची संध्याकाळ पुसून टाकावी लागली. नॅरो अँगलच्या एका फोटोत गोल टेकड्याच टेकड्या दिसल्या. मी त्या ज्वालामुखी घुमट म्हणून एकेक करून नकाशावर मांडल्या. मग उंचीचा नकाशा त्यावर ठेवला, तर प्रत्येक ‘टेकडी’च्या जागी खड्डा.

फोटो उलटा होता आणि ऊन खालच्या बाजूने येत होतं. आपला मेंदू उजेड वरूनच येतो असं धरून चालतो, त्यामुळे खड्डा उंचवटा वाटतो. फोटो अर्धा फिरवला आणि सगळे घुमट एका क्षणात खाली बसले. आता प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात उन्हाच्या दिशेचा बाण काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

१३ सप्टेंबर

पूर्ण दिवस आर्किमिडीजला दिला आणि तो सार्थकी लागला.

व्यास ८३ किलोमीटर. एवढं मोठं विवर आघातातून तयार झालं की त्याच्या मधोमध शिखरं उभी राहायला हवीत. कारण सोपं आहे: आघाताने दाबला गेलेला खडक क्षणभर द्रवासारखा वागतो, दाब सुटताच मध्यभागी उसळी मारतो आणि तसाच गोठतो. शेजारचं कोपर्निकस ९३ किलोमीटरचं, त्यात ही शिखरं ठळक दिसतात. आर्किमिडीजमध्ये काहीच नाही. तळ सपाट, गुळगुळीत, एखाद्या ताटात पातळ पदार्थ ओतून थिजू द्यावा तसा.

लाव्हा भरलाय. शिखरं असलीच तर त्याच्याखाली बुडाली आहेत. आता बाहेर बघितलं. विवराच्या काठाबाहेर उडून पडलेल्या मलब्याची खडबडीत झालर चहूबाजूंनी असायला हवी. काठाला लागून ती दिसते, आणि मग काही अंतरावर एकदम संपते. तिथून पुढे समुद्राचा तोच गुळगुळीत काळा पृष्ठभाग. मी नॅरो अँगलच्या फोटोत ही सीमा तासभर पाहत होते. खडबडीत मलब्याच्या सखल जागांमध्ये लाव्हा शिरलाय, उंच जागा बेटांसारख्या वर राहिल्यात. पाणी किनाऱ्यावरच्या खडकांत शिरतं तसं. म्हणजे मलबा आधी पडला आणि लाव्हा नंतर आला, यात शंकेला जागा नाही.

आता यातून निघणारी गोष्ट लिहून ठेवते, कारण या तुकड्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. आर्किमिडीज इम्ब्रियमच्या प्रचंड खोऱ्याच्या आत बसलंय. हे खोरं स्वतःच एका आघाताने झालं, व्यास साधारण ११५० किलोमीटर, आणि अपेनाइन पर्वत म्हणजे त्याचा उचललेला काठ. खोरं तयार होताना आर्किमिडीज आधीपासून तिथे असतं, तर उरलंच नसतं. म्हणून आधी खोरं, मग आर्किमिडीज, मग लाव्हा. याचा अर्थ खोरं आणि लाव्हा यांच्यामध्ये एवढा काळ गेला, की त्या अवधीत असं एक मोठं विवर पडू शकलं. खोऱ्यातला लाव्हा हा त्या मूळ आघाताने वितळलेला खडक नव्हे. तो फार नंतर, चंद्राच्या पोटातून वर आला. यासाठी कुठलाही दगड तपासावा लागला नाही. एका विवराचं खोऱ्यात बसणं आणि लाव्ह्यात बुडणं पुरेसं ठरलं.

१४ सप्टेंबर

ताईंना कालचा नकाशा पाठवला. उत्तर आलं: “सीमा सगळीकडे सलग रेघेने काढलीयेस. जिथे दिसत नाही तिथे ठिपके दे.” बरोबर आहे. दक्षिणेकडचा भाग मी अंदाजाने जोडला होता. दुरुस्त केलं.

२१ सप्टेंबर

आज स्टेडियस. नकाशात नाव आहे, व्यास सुमारे ६८ किलोमीटर, कोपर्निकस आणि एराटोस्थेनीसच्या मधोमध. पण मोझेकवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिथे विवर आहे हे कळलंच नाही. ऊन तिरकं असलेला फोटो लावल्यावर काठाचे तुटक तुकडे उमटले, एक पुसट वर्तुळ. बाकी सगळं लाव्ह्याने गिळलंय. अशांना भूतविवर म्हणतात आणि नाव शोभतं. आर्किमिडीजचा काठ अजून दोन हजार मीटरच्या घरात वर आहे; स्टेडियसचा जेमतेम पृष्ठभागाबाहेर डोकावतो. म्हणजे लाव्हा काठाच्या माथ्यापर्यंत पोचला होता, आणि विवराच्या मूळ आकारावरून काठाची उंची काढली की तिथल्या लाव्ह्याची जाडी अदमासे सांगता येते. बुडालेली गोष्ट मोजपट्टीचं काम करते.

या वर्तुळाच्या आत-बाहेर बारीक विवरांची गर्दी आहे, आणि ती विखुरलेली नाही. रांगा आहेत. एकमेकींना चिकटलेली, काही लांबट, माळेत ओवल्यासारखी. एका रांगेवर पुरेसं मोठं करून बघितलं: दोन विवरांच्या मध्ये व्ही आकाराच्या बारीक धारा, आणि त्या व्हीची टोकं कोपर्निकसकडे. या रांगा आकाशातून स्वतंत्रपणे आल्या नाहीत. कोपर्निकस घडताना उडालेले खडक जवळपास एकाच वेळी शेजारीशेजारी आपटले, आणि दोन आघातांचा उडणारा मलबा मध्ये एकमेकांवर आदळून त्या धारा बनल्या. ही दुय्यम विवरं.

तर इथला क्रम: स्टेडियस, मग लाव्हा, मग कोपर्निकसचे हे ओरखडे. एका फोटोत तीन काळ, एकावर एक.

२७ सप्टेंबर

एराटोस्थेनीस. व्यास ५८ किलोमीटर, अपेनाइनच्या टोकाशी. काठाच्या पायऱ्या, मधली शिखरं शाबूत, तळाशी लाव्हा भरलेला नाही, आणि मलब्याची झालर समुद्राच्या लाव्ह्यावर पसरलेली. म्हणजे लाव्ह्यानंतरचं. त्यावर मात्र कोपर्निकसचे उजळ पट्टे (आघाताने दूरवर उडालेल्या मलब्याचे) आणि दुय्यम विवरं पडलीयेत, म्हणजे कोपर्निकसच्या आधीचं. शूमेकर आणि हॅकमन यांनी चंद्राच्या शेवटच्या दोन कालखंडांना याच दोघांची नावं दिली. आज त्याचं कारण डोळ्यांनी दिसलं.

४ ऑक्टोबर

किरणपट्ट्यांचा दिवस, आणि इथे मला थांबावं लागलं.

पट्टे बघायला ऊन डोक्यावर हवं, उंचसखल बघायला तिरकं. दोन्ही एकाच फोटोत मिळत नाहीत. पौर्णिमेच्या चंद्रावर टायको या दक्षिणेकडच्या विवराचे पट्टे अर्ध्या गोलावर पसरलेले दिसतात, पण खड्डे जवळजवळ नाहीसे होतात. म्हणून प्रत्येक जागेचे दोन फोटो शेजारीशेजारी ठेवून काम करतेय.

नियम असा शिकवला जातो: पट्टे असलेलं विवर तरुण, नसलेलं जुनं. ताजा फोडलेला खडक उजळ असतो. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे सौरवारा आणि धूलिकणांएवढ्या उल्कांचा मारा थेट पृष्ठभागावर होतो. दाण्यांवर लोखंडाचे अतिसूक्ष्म कण जमतात आणि माती काळवंडते. साधारण शंभर कोटी वर्षांच्या आसपास पट्टा विरून जातो.

पण पट्टा दुसऱ्या कारणानेही उजळ दिसतो. आघाताने समुद्राच्या काळ्या बेसॉल्टवर खालचा किंवा दुरून आलेला फिकट पर्वतीय खडक फेकला गेला असेल, तर तो माती म्हणून पूर्ण मुरल्यावरही आजूबाजूपेक्षा फिकटच राहणार. तो उजळपणा ताजेपणाचा नाही, जातीचा आहे. कोपर्निकसच्या पट्ट्यांतही हा वाटा आहे. म्हणून माझ्या तुकड्यातल्या तीन लहान विवरांना मी पट्टे बघून ‘तरुण’ म्हटलं होतं, ते खोडलं. काठाचा धारदारपणा आणि मलब्यातले मोठे धोंडे, हा पुरावा मिळेल तेव्हाच ती जागा भरेन. धोंडेही झिजतात, पण ते जातीमुळे फसवत नाहीत.

१२ ऑक्टोबर

आता मोजणी. ताईंनी परवानगी दिली असं म्हणायला हरकत नाही.

तत्त्व एका वाक्याचं: उघड्यावर जास्त काळ राहिलेल्या जमिनीवर जास्त विवरं. लाव्हा जमीन कोरी करतो आणि तिथून नवा हिशेब सुरू होतो. समुद्रावर ५० किलोमीटर बाजूचा चौकोन आखला, क्षेत्रफळ न बिघडवणारं प्रक्षेपण निवडलं, आणि ५०० मीटरपेक्षा मोठं प्रत्येक विवर वर्तुळाने टिपलं.

चौकोन निवडताना सोय बघितली, म्हणजे कोपर्निकस आणि एराटोस्थेनीसच्या मधला. आकडा भलताच मोठा आला. त्यावर विश्वास ठेवला असता, तर हा लाव्हा चंद्राच्या सर्वांत जुन्या समुद्रांपेक्षाही जुना ठरला असता.

१३ ऑक्टोबर

कारण रात्रीच लक्षात आलं होतं, सकाळी पडताळलं. चौकोनातली निम्म्याहून जास्त विवरं कोपर्निकसची दुय्यम आहेत. एका आघाताने शेकडो विवरं एका दिवसात दिली, आणि मी ती कोट्यवधी वर्षांचा हिशेब म्हणून मोजत होते. रांगेतली, लांबट, झुपक्यातली वेगळी काढता येतात. पण दूर एकटं पडलेलं, गोल दुय्यम विवर ओळखायचं कसं? त्याच्यावर काही लिहिलेलं नसतं. लहान विवरांवरून काढलेल्या वयांबद्दल शास्त्रज्ञांमध्ये जी खडाजंगी आहे तिचं मूळ इथे आहे, आणि मला ती शंका रास्त वाटते.

चौकोन ईशान्येला, आर्किमिडीजच्या पूर्वेच्या बाजूला हलवला.

१९ ऑक्टोबर

नवा चौकोन दोनदा मोजला, मध्ये चार दिवस जाऊ देऊन, पहिली वर्तुळं न बघता. दोन्ही मोजण्या जुळल्या नाहीत. फरक जवळजवळ सगळा ५०० मीटरच्या सीमेवरच्या, काठ झिजलेल्या विवरांमध्ये. बशीसारखी उथळ झालेली ही विवरं एका दिवशी दिसतात, दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत. मोठ्यांवर मतभेद नाही.

ताईंनी स्वतः तोच चौकोन मोजून पाठवला. त्यांचा आकडा माझ्या दोन्हींच्या मध्ये. तिन्ही ठेवणार आहे.

२६ ऑक्टोबर

आणखी लहान विवरं मोजावीत, म्हणजे आकडे वाढतील आणि वय नेमकं येईल, असा मोह झाला. उपयोग नाही. काही शे मीटरपेक्षा लहान विवरांमध्ये समुद्रावर समतोल आलेला असतो: नवं विवर पडलं की ते जुनं एखादं पुसतं, संख्या वाढतच नाही. भरलेल्या पाटीवर लिहीत राहण्यासारखं. आलेखात ती जागा स्पष्ट दिसते, रेघ तिथे चढायची थांबते. त्याखालचं सगळं वगळलं.

२ नोव्हेंबर

आलेख काढला. आडव्या अक्षावर व्यास, उभ्यावर संख्या, दोन्ही लॉग मापात. माझे ठिपके सुमारे ३०० ते ३५० कोटी वर्षांच्या पट्ट्यात बसतात.

पण ‘वर्षं’ हा शब्द आलेखात आला कुठून, हे नीट लिहायला हवं. विवरं मोजून फक्त इतकंच कळतं की ही जमीन त्या जमिनीपेक्षा जुनी. वर्षं आली ती आणलेल्या दगडांतून. अपोलो ११ने आणलेले बेसॉल्ट ३६० ते ३८० कोटी वर्षांचे, अपोलो १२चे साधारण ३२० कोटी. इम्ब्रियमचं खोरं सुमारे ३९० कोटी. कोपर्निकस बहुधा ८० कोटी, कारण अपोलो १२ त्याच्या पट्ट्यावर उतरलं होतं आणि तिथल्या मातीतल्या काचेला तेवढ्या वर्षांपूर्वी तापल्याची खूण आहे. टायको साधारण ११ कोटी. अपोलो १७च्या दरीत त्याच्या मलब्याने कोसळवलेली दरड सापडली असं मानतात. जिथला दगड, तिथली विवरसंख्या, अशा जोड्या लावून वक्र काढला. या वक्रात ३०० कोटी ते १०० कोटी वर्षांच्या मध्ये मोठं भगदाड होतं, कारण तिथला दगडच नव्हता.

डिसेंबर २०२०मध्ये चीनच्या चांग ई ५ यानाने ओशनस प्रोसेलारम या चंद्रावरच्या समुद्राच्या उत्तर भागातून माती आणली. विवरं मोजून त्या लाव्ह्याची वयं साधारण १०० ते ३०० कोटींपर्यंत कुठेही सांगितली गेली होती. दगड निघाले २०० कोटी वर्षांचे. वक्राच्या ऐन रिकाम्या जागेत एक खिळा बसला, आणि शिवाय नवा प्रश्न: एवढ्या लहान गोलाचं पोट तोपर्यंत लाव्हा ओकण्याइतकं गरम कसं राहिलं?

माझ्यासाठी जवळचा खिळा अपोलो १५. १९७१मध्ये ते याच अपेनाइनच्या पायथ्याशी, हॅडली नावाच्या वळणदार घळीजवळ उतरलं. तिथले बेसॉल्ट सुमारे ३३० कोटी वर्षांचे. माझ्या पट्ट्याच्या आत. तोच प्रवाह असेल असं नाही, तरी तो आकडा बघून मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या.

९ नोव्हेंबर

हीच नजर इतरत्र कशी लागू पडते ते बघायला आठवडा मंगळाला दिला.

सावधगिरीचा धडा इथेच आहे. जुलै १९६५मध्ये मरिनर ४ मंगळाजवळून गेलं आणि एकवीस पूर्ण फोटो पाठवले, ग्रहाच्या जेमतेम एक टक्का भागाचे. त्यात विवरंच विवरं. मंगळ म्हणजे दुसरा चंद्र, मेलेला गोल, असा निष्कर्ष निघाला. नोव्हेंबर १९७१मध्ये मरिनर ९ पोचलं तेव्हा धुळीच्या वादळात सगळा ग्रह झाकलेला, वर फक्त चार काळे ठिपके. धूळ बसली आणि ते चार ज्वालामुखींचे माथे निघाले; त्यातला ऑलिम्पस मॉन्स सुमारे २२ किलोमीटर उंच. पाठोपाठ दऱ्या, कोरड्या नद्यांची पात्रं. मरिनर ४ने खोटं काहीच दाखवलं नव्हतं. त्याचा कॅमेरा ग्रहाच्या जुन्या भागावरून गेला होता, इतकंच.

मंगळावर वाचणं चंद्रापेक्षा अवघड, कारण तिथे पुसणारे हात जास्त: वारा, बर्फ, एके काळी पाणी. गेल विवरात क्युरिऑसिटी या फिरत्या गाडीने २०१३मध्ये एका चिखलखडकाचं वय तिथल्या तिथे मोजलं: घटकद्रव्यांचं वय सुमारे ४२० कोटी वर्षं. आणि त्याच खडकावर वैश्विक किरणांनी सोडलेल्या खुणांवरून कळलं की तो उघडा पडून फक्त साधारण आठ कोटी वर्षं झालीत. वाऱ्याने वरचे थर खरवडून त्याला उजेडात आणलं. ‘पृष्ठभागाचं वय किती’ या प्रश्नाला इथे दोन खरी उत्तरं आहेत. विवरं मोजणाऱ्याला यातलं कुठलं मिळतंय, हे दर वेळी विचारावं लागणार.

१५ नोव्हेंबर

बुध आणि शुक्र, थोडक्यात. बुधावर लांबच लांब कडे आहेत. डिस्कव्हरी रूपीस पाचशे किलोमीटरांहून लांब. ते जुन्या विवरांना चिरत जातात, म्हणजे विवरांनंतरचे. गाभा थंड होत गेला, ग्रह आकसला, कवच एकावर एक चढलं. सगळे कडे मोजून त्रिज्या सुमारे सात किलोमीटरपर्यंत घटली असं निघतं. फळ सुकून साल सुरकुततं, त्यातलाच प्रकार.

शुक्रावर उलटं: सगळ्या ग्रहावर हजाराच्या आसपासच विवरं, दाट हवेमुळे अगदी लहान तर नाहीतच. म्हणजे जमीन तरुण, काही दशकोटी वर्षांची. आणि २०२३मध्ये मॅगेलन यानाच्या तीस वर्षं जुन्या रडार चित्रांतून माट मॉन्सजवळचं एक ज्वालामुखीमुख १९९१च्या आठ महिन्यांत वाढल्याचं दाखवलं गेलं. चित्रं सर्वांसमोर तीन दशकं पडून होती. गुरूच्या आयो या उपग्रहावर तर एकही आघात विवर सापडलेलं नाही. ज्वालामुखी ती पडल्या पडल्या गाडून टाकतात.

२९ नोव्हेंबर

परत घरच्या तुकड्यावर. लाव्ह्यातल्या सुरकुतलेल्या कटकांची, म्हणजे जमीन दाबली जाऊन उठलेल्या लांब उंचवट्यांची, शेवटची पाहणी केली. दोन ठिकाणी कटकाने लहान विवराचा काठ वर ढकललाय, एका ठिकाणी विवराने कटक फोडलाय. म्हणजे जमीन दाबली जात असतानाही विवरं पडत होती. कटक एका दमात झालेले नाहीत. दोन्ही नकाशावर वेगवेगळ्या चिन्हांनी घेतले.

एक सीमा मात्र सुटली नाही. चौकोनाच्या पश्चिमेला लाव्ह्याचा रंग किंचित बदलतो, निळसरपणाकडे झुकतो, म्हणजे टायटॅनियम जास्त असावं. दोन वेगळे प्रवाह आहेत असं मला वाटतं. पण त्यांच्या मधली पायरी उंचीच्या नकाशात कुठेच दिसत नाही, आणि कोपर्निकसचा एक पट्टा नेमका त्याच जागेवरून गेलाय. कोण वर, कोण खाली, ठरवता येत नाही.

ताईंना फोटो पाठवला. दहा मिनिटांनी फोन आला. “मलाही दिसत नाही गं. ठिपके दे.”

दिले.